किती दिवस घ्यायचं?



या व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'लठ्ठपणा : कारणे व उपाय' असा छापला गेला आहे. तो मी परस्पर बदलतो आहे, रागावू नका. कारणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, आणि उपाय रोज सकाळी शुभेच्छांच्या फुलांबरोबर तुमच्या फोनवर येऊन पडतातच. मला आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. वजन उतरवणारी जी नवी इंजेक्शनं आपल्याकडे आली आहेत, त्यांचं नाव काढलं की रुग्ण खुर्चीत नीट टेकायच्या आधी विचारतो, "डॉक्टर, किती दिवस घ्यायचं?"

हा प्रश्न औषधाचा गुण काय, दोष काय, याच्या आधी येतो. आपल्याकडे औषधाबद्दलची सगळ्यात मोठी भीती दुष्परिणामांची नसते. 'एकदा सुरू झालं की सुटत नाही' ही असते. बीपीची गोळी लिहून दिली की बाहेर जाऊन अर्ध्या गावाला विचारून येणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून या प्रश्नाला वरवरचं उत्तर देणं बरं नाही. 'बघू, सुरू तर करा' हे उत्तर तर नाहीच नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते डॉक्टर वजनाच्या औषधांच्या पक्के विरोधात होते. तरुणपणी मला तो त्यांचा हेकटपणा वाटायचा. पण त्यांच्या विरोधाला इतिहासाचा आधार होता. फेनफ्लुरामिन हे औषध अमेरिकेत फेंटरमिनच्या जोडीने लाखो लोक घेत होते. काहींच्या हृदयाच्या झडपा खराब झालेल्या दिसल्या आणि १९९७ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. रिमोनाबंट २००६ मध्ये युरोपात आलं, लोकांना नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, २००८ मध्ये गेलं. सिब्युट्रामिन तर आपल्याकडे सर्रास मिळायचं. हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये ते अमेरिका-युरोपातून उठलं आणि २०११ मध्ये भारतातही बंद झालं. तेव्हा जुन्या डॉक्टरांना या नव्या सुयांबद्दल शंका येत असेल, तर तिला मी मागासलेपणा म्हणणार नाही.

मग या सुया वेगळ्या कशात आहेत? आपण जेवलो की आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सोडतात. साखर वाढली असेल तर ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेतं, जठर रिकामं होण्याचा वेग मंद करतं आणि 'आता पुरे' ही जाणीव मेंदूपर्यंत पोचवतं. पण ते रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. शरीरातलंच एक विकर त्याचे तुकडे करून टाकतं. १९८०च्या दशकात बोस्टनमध्ये जोएल हॅबेनर आणि स्वेतलाना मोयसोव्ह, कोपनहेगनमध्ये येन्स युल होल्स्ट अशा मंडळींनी हे संप्रेरक ओळखलं, त्याचं काम दाखवून दिलं. तरी दोन मिनिटांच्या औषधाचं करायचं काय? न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन एंग यांना त्याच्याच चालीचं, पण टिकाऊ रसायन सापडलं, आणि तेही कुठे, तर गिला मॉन्स्टर नावाच्या वाळवंटी सरड्याच्या विषात. हा सरडा वर्षातून मोजक्या वेळाच खातो. त्यावरून तयार झालेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी आलं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. मग डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत लॉटे क्नुडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी रेणूलाच मेदाम्लाची एक शेपटी जोडली. त्या शेपटीमुळे रेणू रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतो, लवकर तुटत नाही. आधी लिराग्लुटाइड आलं, रोज एकदा घ्यायचं. मग सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा. अमेरिकी कंपनी एली लिलीचं टिर्झेपटाइड त्यानंतरचं, ते दोन संप्रेरकांचं काम एकदम करतं.

सरड्याची गोष्ट रंजक आहे म्हणून सांगितली हे खरं, पण तेवढ्यासाठीच नाही. शास्त्रज्ञांनी इतकी वर्षं खर्ची घातली ती हा रेणू रक्तात टिकवायचा कसा यावर. तो रक्तात आहे तोवर काम करतो. मेंदूतली भुकेची यंत्रणा तो दुरुस्त करून जात नाही, आणि तसा दावा ते बनवणाऱ्यांनीही केलेला नाही. शेवटच्या सुईनंतर पाचेक आठवड्यांत सेमाग्लुटाइड शरीरातून जवळजवळ निघून जातं. भूक मग आपल्या जुन्या जागी येऊन बसते.

आणि ती जुन्यापेक्षा थोडी जास्तच असते. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जाड व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. औषध नाही, फक्त आहार. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं उतरलेलीच होती. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याच्या स्पर्धेत उतरलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी त्यांचं शरीर विश्रांतीत, अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं. चार-पाच पोळ्यांचा हा हिशेब झाला. शरीर या बाबतीत जुन्या सावकारासारखं वागतं. उतरलेला किलोन् किलो ते वहीत आपल्या नावावर मांडतं आणि वसुलीची घाईसुद्धा करत नाही.

आता औषध थांबवल्यावर काय होतं, ते नीट तपासून पाहिलेलं आहे. सेमाग्लुटाइडची पहिली मोठी चाचणी १,९६१ लोकांवर झाली. ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. त्यातल्या काहींना औषध बंद झाल्यानंतर वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. रक्तदाब, साखर यांतली सुधारणाही बरीचशी मागे फिरली होती. टिर्झेपटाइडची चाचणी तर या एकाच प्रश्नासाठी रचली होती. सगळ्यांना ३६ आठवडे औषध दिलं, सरासरी २१ टक्के वजन उतरलं, मग निम्म्यांना नुसत्या पाण्याची म्हणावी अशी, औषध नसलेली सुई दिली. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच ठाऊक नाही. वर्षभरात औषधवाल्यांचं वजन आणखी साडेपाच टक्के उतरलं, बाकीच्यांचं १४ टक्के वाढलं. जानेवारी २०२६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशा ३७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. वजनाचं औषध थांबलं की महिन्याला सरासरी ४०० ग्रॅम वजन वाढतं आणि पावणेदोन वर्षांच्या आत माणूस मूळ वजनावर येतो, असा त्यांचा अंदाज आहे.

सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. टिर्झेपटाइडच्या त्याच चाचणीत औषध थांबवलेल्या शंभरातल्या सोळा-सतरा जणांनी उतरलेल्या वजनातलं ८० टक्के तरी वर्षभर राखलं. असे लोक असतात. पण ते कोण निघतील हे पहिल्या सुईच्या दिवशी ओळखण्याची युक्ती आजमितीला माझ्याकडे नाही, आणि कोणी 'आमच्याकडे आहे' म्हणत असेल तर त्याची फी विचारा.

एक उदाहरण सांगतो. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, शाळेच्या कार्यालयात नोकरी, वजन ९४ किलो, साखर वाढलेली, दोन्ही गुडघे बोलणारे. टिर्झेपटाइडच्या कुप्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. कुपीत अर्धा मिलिलिटर औषध, एका वेळचं. ते इन्शुलिनच्या सिरिंजने ओढून घ्यायचं. आपल्याकडे सिरिंजा दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची. एकीवर अर्धा मिलिलिटर म्हणजे २० चा आकडा आणि दुसरीवर ५० चा. यात इतका घोळ होतो की पहिले चार आठवडे त्या माझ्यासमोर बसूनच टोचून घेत. घरी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, स्टीलच्या डबीत कुप्या ठेवायच्या. डबीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनने 'आईचे औषध, हात लावू नये'. फ्रीजरच्या कप्प्यापासून लांब ठेवा, हे मी बजावलं होतं, कारण गोठलेली कुपी फेकूनच द्यावी लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज चार चार तास जाते, तेव्हा ती डबी शेजारच्या इन्व्हर्टरवाल्यांच्या फ्रिजमध्ये पाहुणी जायची.

दुसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, चकलीचा डबा ओट्यावर उघडा असतो, पण हाक नाही मारत." या औषधाने नेमकं काय होतं याचं इतकं चांगलं वर्णन मी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही. ज्यांना ती हाक कधी ऐकूच आली नाही, ते बारीक लोक मनोनिग्रहावर फार छान बोलतात.

वर्षभरात अठरा किलो उतरले. मग त्या यायच्या बंद झाल्या. धाकट्याचा इंजिनिअरिंगचा प्रवेश होता, पहिल्या वर्षाची फी भरायची होती. औषध कोणाला न सांगता थांबवलं. पाच महिन्यांनी आल्या तेव्हा नऊ किलो परत आले होते. काट्यावर उभं राहायच्या आधीच म्हणाल्या, "माझीच चूक आहे. तोंडावर ताबा राहिला नाही." बरोबर आलेले यजमान म्हणाले, "एवढे पैसे घातले, हिला राखता नाही आलं."

आता याच बाईंनी बीपीची गोळी बंद केली असती आणि बीपी वाढलं असतं, तर यजमान काय म्हणाले असते? "गोळी का बंद केलीस?" एवढंच. बीपी राखता आलं नाही, असं कोणी म्हणत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र उतरलं तर गुण इंजेक्शनचा आणि वाढलं तर दोष बाईच्या जिभेचा. यातलं दुसरं वाक्य शास्त्राला धरून नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे, आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

बीपीची गोळी जन्मभर घ्यायची, हे तरी कुठे एका दिवसात पटलं? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कैक वर्षं वाढत होता आणि त्या काळी त्यावर धड औषधच नव्हतं. वाढलेला दाब शरीराला गरजेचाच असतो, असं मानणारे नामांकित डॉक्टर तेव्हा होते. १९६७ मध्ये एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या १४३ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे दिसलं की काही त्रास जाणवत नसतानाही दाब उतरवला तर पक्षाघात आणि मृत्यू टळतात. काही दुखत नसताना रोज गोळी घ्यायची, ही कल्पना लोकांच्या गळी उतरायला त्यानंतरही एक पिढी गेली. वजनाच्या औषधाला असाच पुरावा मिळू लागला आहे. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या चाचणीत हृदयविकार असलेले, मधुमेह नसलेले, वजन जास्त असलेले १७,६०४ लोक होते. सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. ज्यांनी औषध चालू ठेवलं, त्यांचं उतरलेलं वजन चार वर्षं बऱ्यापैकी टिकलं. हे वाचल्यावर, झटका येऊन गेलेल्या जाड माणसाला 'सहा महिने घ्या आणि बंद करा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण बीपीशी तुलना इथेच थांबवतो, कारण पुढचं त्यात बसत नाही. बीपीच्या गोळीने दंडाचा स्नायू जात नाही.

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. या औषधांच्या चाचण्यांत काही लोकांचं शरीर यंत्राने मोजलं, तेव्हा उतरलेल्या वजनात पाव हिस्सा ते चाळीस टक्के वाटा चरबीखेरीज इतर गोष्टींचा निघाला. त्यात पाणी आणि इतर ऊती धरल्या आहेत, सगळा स्नायू नव्हे. पण स्नायू त्यात आहेच. आहाराने वजन उतरवलं तरी काही स्नायू जातोच. आणि वजन परत येतं ते मुख्यतः चरबीच्या रूपाने, निदान पाळी गेलेल्या बायकांच्या अभ्यासात तरी तसं दिसलं आहे. म्हणजे सुरू-बंद, सुरू-बंद असं दोन-तीनदा केलं, तर काट्यावरचा आकडा तोच राहून आतला माल बदललेला असतो. जिना चढताना ते कळतं.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच लागू पडते, आणि ती जगाला सांगितली पुण्याने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दोघेही दिसायला सडपातळ! पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केला होता; त्यातून दिसलं की आपली बाळं जन्मतानाच वजनाला कमी, पण इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत स्नायू फार कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली, अशी असतात. आपण या धंद्यात भांडवलच कमी घेऊन उतरलो आहोत. डेन्मार्कच्या माणसाने चार किलो स्नायू गमावणं आणि आपण गमावणं, यात फरक आहे.

म्हणून मी सुई लिहून देताना पहिलं विचारतो, डाळ-उसळ किती खाता, आणि वजन उचलता का. भूक मेली की माणूस काय सोडतो ते पाहा. भाजी सोडतो, आमटी सोडतो, आणि चहा-बिस्किटावर दिवस काढतो. वर अभिमानाने सांगतो, आता खाणंच नाही माझं. वर्ष वर्ष असं चाललं तर औषधाने दिलेलं हाडा-स्नायूंच्या खात्यातून वळतं होतं. अंडं, मासे, पिठलं, मोड आलेली कडधान्यं, दही-ताक, जे पोटाला मानवेल ते, पण रोज आणि आधी. चालणं चांगलंच आहे, पण चालण्याने दंड-मांड्या राखल्या जात नाहीत. आमच्या गावात बायकांसाठी वजनं उचलायची जागा नाही. पाण्याच्या भरलेल्या कळशीला घरोघरी रजा मिळाली आहे. तुमच्या व्याख्यानमालेकडे निधी शिल्लक असेल तर पुढच्या वर्षीच्या वक्त्याचं मानधन कमी करा आणि डंबेल्स घ्या.

इतर त्रासांबद्दल थोडक्यात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे पहिल्या महिन्यांचे. डोस सावकाश वाढवला तर बहुतेकांना सोसतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि फारच क्वचित डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अडून नजर जाऊ शकते, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडबाबत नोंदवलं आहे. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला हे औषध चालू असल्याचं आठवणीने सांगायचं, कारण उपाशी राहूनही जठर रिकामं नसण्याची शक्यता असते. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायला लागतं, आणि टिर्झेपटाइड सुरू करताना किंवा डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीवर विसंबून चालत नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीला, पीसीओडीसाठी म्हणून ही सुई दिली जाते, तेव्हा 'किती दिवस' या प्रश्नात तिचं लग्न, बाळंतपण, अंगावर पाजणं सगळं येतं. ते तिच्या आईसमोर बोललं जात नाही. मुलीला एकटीला आत बोलवावं लागतं.

लग्नावरून आठवलं. तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे एक वेगळी गर्दी सुरू होते. "डॉक्टर, फेब्रुवारीत तारीख आहे, आठ-दहा किलो झाले पाहिजेत, फोटोपुरते." वजन ६८, उंची व्यवस्थित, साखर-बीपी काही नाही. याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते ऐकून लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तेही मला माहीत आहे. भारतात वजनासाठी ही औषधं मंजूर आहेत ती बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्यांसाठी, किंवा २७ किंवा जास्त असून वजनामुळे येणारा एखादा आजार असलेल्यांसाठी. फोटोपुरतं घेऊन थांबवलं की लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला वजन परत, त्यात चरबी जास्त, आणि खिशातले पैसे गेलेले. ज्याला वर्षानुवर्षं घ्यायची गरज नाही त्याने तीन महिनेसुद्धा घेऊ नये, आणि ज्याला गरज आहे त्याने थांबवता येत नाही म्हणून लाजू नये. या दोन वाक्यांच्या मधे जे लोक आहेत, त्यांच्यावर मी रोज डोकं खाजवतो.

आणि मधे मुख्यतः पैसा आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड 'मौंजारो' या नावाने भारतात आलं, तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि पाचची ४,३७५ ला होती. आठवड्याला एक. पाचच्या डोसवर वर्षाला सव्वादोन लाख झाले. जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं 'वेगोव्ही' आलं, सुरुवातीला महिन्याला १७ हजारांच्या वर, मोठ्या डोसला २६ हजार. नोव्हेंबरात कंपनीने दर उतरवले. आपला आरोग्यविमा बहुधा रुग्णालयात भरती झाल्यावरच जागा होतो, तेव्हा हे सगळं पदरचं. अमेरिकेत सव्वा लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर मधुमेह नसलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोक वर्षाच्या आतच थांबलेले दिसले. त्यामागे त्रासही असेल, कंटाळाही, पण मोठं कारण खर्चाचं असावं. औषध कागदावर जन्मभराचं आणि प्रत्यक्षात दहा महिन्यांचं, असा प्रकार आहे. इंग्लंडच्या सरकारी यंत्रणेने २०२३ मध्ये वेगोव्हीला परवानगी देताना दोन वर्षांची मर्यादा घातली. शरीर दोन वर्षांनी सुधारतं म्हणून नव्हे, तर तिथल्या वजनकेंद्रांत रुग्णाला तेवढंच ठेवत म्हणून. पुढे टिर्झेपटाइडच्या वेळी त्यांनी अशी मर्यादा घातली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्यांदाच लठ्ठपणासाठी या औषधांची शिफारस केली, तीसुद्धा दीर्घकाळ घेण्याची, पण सशर्त. दूरवरच्या काळाची माहिती अजून थोडी आहे, किंमत भारी आहे, आणि गरीब-श्रीमंतांतलं अंतर वाढेल, अशी कारणं त्यांनी दिली. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत संपली आणि आपल्या कंपन्यांना तेच औषध स्वतःच्या नावाने विकायचा रस्ता मोकळा झाला. हे चांगलं झालं. फीसाठी औषध सोडावं लागलेल्या त्या बाईंना टिर्झेपटाइडऐवजी हे घेऊन पुन्हा सुरुवात करता येईल. पण स्वस्त झालेली वस्तू आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळायला वेळ लागत नाही, आणि औषधाच्या दुकानात वजनकाटा असतो, दंडाचा घेर मोजायची टेप नसते.

आता थांबवायचंच असेल तर. पैसे संपले, मूल हवं आहे, त्रास सोसवत नाही, कंटाळा आला, कुठलंही कारण चालेल. ते लपवू नका. एकदम तोडण्याऐवजी डोस उतरवत नेता येतो. काहींना लहान डोसवर वर्षानुवर्षं ठेवता येतं का, याचे अभ्यास चालू आहेत. थांबवण्याच्या आधी निदान तीन महिने व्यायाम अंगवळणी पडलेला हवा, नंतर सुरू करीन असं ठरवलेला नको. किती वजन परत आलं की पुन्हा सुरू करायचं, हा आकडा थांबवायच्या दिवशीच केसपेपरवर लिहून टाकायचा. मी साधारण चार-पाच किलो धरतो. साखर आणि बीपीच्या गोळ्या औषध चालू असताना कमी केलेल्या असतात, त्या परत वाढवाव्या लागतील, हे विसरू नका. दिवाळीच्या तोंडावर थांबवू नका. आणि पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी वजन करायला या. दार उघडं असतं, कंपाउंडर नोंद करून घेईल. नुसत्या वजनाची फी मी घेत नाही.